जावई, आपलं भांडण राहिलंच

जावई, तुमच्या कॉलेजात तुमची शोकसभा झाली. चांगली झाली म्हणतात. खुर्च्यांना पांढऱ्या खोळी होत्या, फोटोला निशिगंधाचा हार होता, आन ज्या माणसानं तुम्हाला जिवंतपणी चार माणसांत नीट बोलू दिलं न्हाय, तोच माइकपुढं उभा राहून रुमालानं डोळे टिपत होता. डोळे कोरडे होते. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. वय झालं असलं तरी लांबचं मला अजून बिनचष्म्याचं दिसतं.

तुम्हाला हे कळायला पाहिजे म्हणून लिहायला बसलोय. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, जोडाक्षर आलं की हात थबकतो. पण आपल्या दोघांतलं बोलणं अर्धं राहिलंय आन तुम्ही निघून गेलात. सकाळच्या तासाला निघताना बूट घालायला वाकलात ते वर आलाच न्हाईत. सासऱ्याच्या आधी जावयानं जायचं, ही कुठली रीत? मी तुम्हाला जन्मभर मान दिला. आमच्या घरी पाट तुमचा, पहिलं ताट तुमचं. आन तुम्ही मला तुमच्या तिरडीमागं चालायला लावलंत.

आता आणखी एक ऐका. त्याच कॉलेजच्या हापिसात सुरेखाला घेतो म्हणतात. अनुकंपा म्हणतात त्याला. त्याचा अर्थ म्या तुमच्या विभागातल्या शेख सरांना विचारला, तर ते म्हणाले, दया. माझी लेक, तुमची बायको, ज्यांनी तुम्हाला कुरतडलं त्यांच्याच दारात दयेवर उभी राहणार. ती जाते म्हणतीय. मी जाऊ देत न्हाय म्हणतोय. तुमचं तेरावं झाल्यापासनं आमच्या बापलेकीचं ह्याच्यावरनंच चाललंय, आन मधे पडायला तुम्ही न्हाईत. आमची जुंपली की तुम्ही म्हणायचात, "मामा, तुम्ही जरा गोठ्याकडं जाऊन या." मी उगाच एक चक्कर मारून यायचो. तेवढ्यात तुम्ही तिला काय सांगायचात कुणास ठाऊक, मी परत आलो की चहा तयार असायचा.

तो रुमालवाला म्हणजे तुमचा विभागप्रमुख, शोकसभेत बोलला. बाकी सगळं गोड बोलला, पण मधे एक वाक्य सरकवलंच. "अलीकडं सरांचं अध्यापनात पूर्वीसारखं लक्ष राहिलं नव्हतं, पण आम्ही सर्वांनी सांभाळून घेतलं." सांभाळून घेतलं! मेलेल्या माणसाच्या फोटोपुढं उभं राहून त्याचं काम कच्चं होतं म्हणून सांगायचं, आन वर उपकार केला म्हणायचं. बैलाचे पाय बांधायचे आन मग गावभर सांगत फिरायचं, बैल बसका निघाला.

तुमचं शिकवणं म्या बघितलंय. लगीन होऊन वर्ष झालं न झालं, तुम्ही भूगोलाची पोरं घेऊन यष्टीनं येरमाळ्याला उतरलात आन चालत आमच्या माळावर आलात. मला वाटलं, जावई वरात घेऊन आला, आता एवढ्यांच्या जेवणाचं काय? तुम्ही म्हणलात, "मामा, जेवण नको. दोन घागरी पाणी द्या." माळाच्या डोईवर उभं राहून एक घागर इकडल्या अंगाला ओतलीत, एक तिकडल्या. पोरांना म्हणलात, "हे पाणी मांजरेला जाणार, तिथून गोदावरीला. हे सीनेला जाणार, तिथून भीमेला. आणि मधे हे आमचे मामा उभे आहेत. हे कुणालाच पाणी देत नाहीत." पोरं हसली. मीबी हसलो. जावई हुता म्हणून हसलो, दुसरा कुणी असता तर दाखवलं असतं.

एका पोरीनं विचारलं, "सर, मग ढगाला माहीत असतं का, आपलं पाणी कुठं जाणार ते?" तुम्ही तिला वेडी म्हणला न्हाईत. तिथंच मातीत फतकल घालून बसलात, काटकीनं रेघा ओढल्यात, बोलत राहिलात. मी लिंबाखाली उभा राहून ऐकत होतो. मला सगळं कळलं असं न्हाय. पण संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तरी पोरं उठंनात, एवढं म्या बघितलं. शाळा सुटायची वाट बघणारी पोरं म्या लई बघितलीत, त्यातला एक मीच हुतो. सुटू नये म्हणणारी तेवढीच बघितली.

पुढं तसलीच पोरं घेऊन तुम्ही दोन उन्हाळे सगळा माळ पालथा घातलात. कुठला ओढा कुणीकडं जातो, कुठली विहीर कधी आटते, सगळं बघून भिंतीएवढा नकाशा केलात. तो तुमच्या विभागात लागला, आन त्या नकाशानंच तुमचा घात केला.

कॉलेज तपासायला बाहेरनं कमिटी आली होती. तिच्यातल्या एका बाईंनी नकाशापुढं थांबून विचारलं, हा कुणी केला? विभागप्रमुख म्हणाले, "आम्ही केला, माझ्या मार्गदर्शनाखाली." तेवढ्यात मागनं एक पोरगं बोलून गेलं, "न्हाय मॅडम, आमच्या सरांनी केला. हे सर तर एकदाबी आले नव्हते." बाई हसल्या. तुम्हीबी हसलात. मला सांगताना तुम्ही म्हणलात, "मामा, पोराचं बोलणं त्यांनी सोडून दिलं असतं. मी हसायला नको होतं."

म्या म्हणलं, हसण्यावरनं एवढं? आमच्यात बांध कोरला तरी माणूस पुढल्या पेरणीपर्यंत बोलायला लागतो.

तुमच्यात न्हाय लागत, हे मला हळूहळू कळलं. तुम्हाला तास कुठला, तर पहिला आन शेवटचा. मधे दिवसभर बसून राहा. बैठक असली की निरोप सगळ्यांना, तुम्हाला न्हाय, आन मग गैरहजर का राहिलात म्हणून खुलासा द्या. एम.ए.ची पोरं काढून घेतली. नकाशा उतरवून कपाटामागं उभा केला, रंग द्यायचाय म्हणून. रंग झाला, नकाशा कपाटामागंच. आन तो चहा. तुमच्या विभागात सगळ्यांनी मिळून चहा मागवायची पद्धत होती. एक दिवस शिपायानं सगळ्यांपुढं कप ठेवले आन तुमच्यापुढनं तसाच गेला. तुम्ही त्याला विचारलंत, तर तो बिचारा खाली बघून म्हणाला, "सर, मला एवढेच कप सांगितलेत."

हे तुम्ही मला सांगितलं न्हाईत. सुरेखानं सांगितलं. आन सांगताना तिला रडू आलं ते चहाच्या गोष्टीवर. मला आधी राग आला, म्हणलं चहासाठी काय रडती. नंतर रानात एकटा असताना कळलं. भावकीनं वाळीत टाकलं की पहिल्यांदा तेच करत्यात. मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत. पुढनं ताट घेऊन जात्यात.

आता आखाडाच्या जेवणाचं. ह्याच्यावरच आपलं भांडण अडलंय, तेव्हा नीट लिहितो.

आखाड लागला होता. म्या सुरेखाला म्हणलं, "तुझ्या नवऱ्याला सांग, त्या साहेबाला घेऊन रानात या. मटण करू. एका पंगतीला जेवले की मिटंल."

"आबा, ते गावातल्यासारखं नसतं."

"माणसंच हायती न्हवं? का कॉलेजात सगळे बैल शिकवायला ठेवलेत?"

तुम्ही नको नको म्हणत होता. मी तुम्हाला न विचारता येरमाळ्यातनं थेट त्यालाच फोन लावला. तो आला, गाडीतनं, आणखी दोघा मास्तरांना घेऊन. चिंचेखाली पंगत बसली. तुमच्या मामीनं चुलीवर रस्सा केला होता, बाजरीच्या भाकरी होत्या. तो काय जेवला, जावई! नळी फोडून चोखली. म्हणाला, "मामा, असा रस्सा धाराशिवात मिळणं शक्य नाही. तुमचे जावई म्हणजे माझे धाकटे भाऊच. भावाभावांत होतंच थोडंफार." ते ऐकून मला वाटलं, झालं, मिटलं.

आमच्याकडं भावकीतलं भांडण मिटवायची रीत तुम्हाला ठाऊक होती. जेवण झालं की धाकट्यानं मोठ्याच्या हातावर पाणी घालायचं. मोठ्यानं तोच ओला हात धाकट्याच्या पाठीवरनं फिरवायचा. मग मागचं कुणी उकरून काढायचं न्हाय. उकरलं तर ते त्याच्यावर. म्या तुमच्या हातात तांब्या दिला आन म्हणलं, "साहेबांच्या हातावर पाणी घाला."

जावयानं सासुरवाडीत पाणी घालायचं नसतं, जावयाच्या हातावर घालायचं असतं. हे मला ठाऊक होतं. मामी चुलीपासनं माझ्याकडं बघत होती, तेबी दिसत होतं. पण तुम्ही वयानं धाकटे, हुद्द्यानं धाकटे. तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलंत, तांब्या घेतलात, वाकून पाणी घातलंत. त्यानं हात धुतले. चूळ भरली. आन हात तुमच्या खांद्यावरच्या टॉवेलला पुसले. तुम्ही अजून वाकलेलेच होता. पाठीवर हात यायची वाट बघत होता. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "चला मामा, पान आहे का?"

मला वाटलं, शहरात राहून माणूस रीत विसरला असंल.

तो विसरला नव्हता. दोन दिवसांत सगळ्या कॉलेजात झालं की तुमच्या सासऱ्यानं बोकड कापून माफी मागितली आन तुम्ही त्याच्या हातावर पाणी घातलं. स्टाफरूममध्ये कुणाला तहान लागली की म्हणायचे, "सरांना सांगा की. सरांना सवय आहे." आन सगळे हसायचे. त्याच्याबरोबर येऊन माझं मीठ खाल्लेले ते दोघं मास्तर सगळ्यात मोठ्यानं.

तुम्ही त्यानंतर गावाकडं आला न्हाईत. दिवाळीला आलात ते सुरेखानं ओढून आणलं म्हणून. माघारी जाताना मी तुम्हाला यष्टीत बसवायला आलो होतो. तिथं म्या विषय काढला.

"जावई, तुमच्या मनात माझ्याबद्दल काय हाय ते बोलून टाका."

"काही नाही मामा."

"न्हाय कसं? तोंड फिरवून बसताय चार महिने."

तेव्हा तुम्ही म्हणलात, "मामा, तुमच्या गावात पाणी घातलं की भांडण मिटतं. आमच्याकडं एकदा पाणी घातलं की तो माणूस पाणी घालणाराच होतो. तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं."

"म्या तुमच्या भल्यासाठी केलं."

"ते माहीत आहे. म्हणून तर बोलता येत नाही."

गाडी आली. तुम्ही चढलात. खिडकीतनं हातबी केला न्हाईत. मी तिथंच उभा राहिलो, आन मला तुमचा एवढा राग आला की परत जाताना ज्यानं ज्यानं राम राम केला त्याला म्या उत्तर दिलं न्हाय.

जावई, मी आजबी तेच म्हणतो. तांब्या देण्यात माझी चूक न्हवती. पाणी घालणारा हलका होत न्हाय. पाठीवर हात न ठेवणारा हलका होतो. सगळा गाव माझ्या बाजूनं बोलंल. पण गावाला काय विचारायचं, तुम्हाला तसं वाटत न्हवतं, आन तुम्हालाच पटवायचं होतं. ते राहिलं. मी म्हणत राहिलो की पुढल्या येण्याला बोलू, पुढल्या येण्याला बोलू. तुम्ही येत गेलात, जेवत गेलात, पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं बोलत गेलात. ह्या एका गोष्टीवरनं आपण दोघंबी पाय उचलून चालत होतो, वाटेत साप पडल्यासारखं.

तुमचा तास म्या आणखी एकदा ऐकला. तुम्हाला ठाऊक न्हाय. जमिनीच्या मोजणीच्या कामाला धाराशिवला आलो होतो, काम लवकर झालं, म्हणलं जावयाला भेटून जावं. तुमच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. आत मोजकीच पोरं. तुम्ही कागद हातात धरून वाचत होता. वर बघत न्हवता. पोरं खिडकीतनं बाहेर बघत होती, मोबाइल बघत होती. मला आधी वाटलं, दुसराच कुणी मास्तर असंल. आवाजावरनं ओळखलं. तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. वाक्य अर्धं असताना तुम्ही थांबलात. बूट पुढं निघून गेले. मग तुम्ही पुन्हा कागदात बघून वाक्य शोधलंत, पण सापडलं न्हाय, पुढलंच वाचायला लागलात. एकाबी पोराच्या ध्यानात आलं न्हाय.

मी न भेटता माघारी गेलो. काय भेटणार होतो?

त्या दिवशी सुरेखाच्या फोनवर तुम्हाला म्या विचारलं, "तब्येत बरी हाय न्हवं?" तुम्ही म्हणलात, "बरी आहे मामा. थकल्यासारखं होतं एवढंच. आता बोलायच्या आधी कोण ऐकतंय ते बघतो. तेवढ्यात काय बोलायचं ते निघून जातं." मला वाटलं होतं तुम्ही भ्यायलात. भ्याला असता तर म्या तुम्हाला शिव्या दिल्या असत्या आन बरं वाटलं असतं. थकलेल्या माणसाला काय म्हणायचं, हे मला येत न्हाय.

तर असा तुम्हाला त्यानं कच्चा मास्तर करून ठेवला आन मग शोकसभेत सांगितलं, लक्ष राहिलं न्हवतं. ते वाक्य ऐकलं आन मी उठणार होतो. खरंच उठणार होतो. माइकपर्यंत चार पावलं होती. जे बोलायचं ते तोंडात तयार होतं, त्यातलं निम्मं इथं लिहिण्यासारखं न्हाय. सुरेखानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बघितलं न्हाय माझ्याकडं, नुसता हात दाबून धरला. लहान असताना बाजारात गर्दीत धरायची तसा. मी बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला बसवलं, आन ते माझ्या लेकीनं.

बाहेर फाटकापाशी शेख सर आले. तुमच्या विभागातला तेवढा एकच माणूस तेराव्यापर्यंत रोज घरी येऊन बसत होता. माझे दोन्ही हात धरले.

"चाचा, सर लई चांगला माणूस होता."

"ते आत बोलायचं होतं, सर."

त्यांनी मागं वळून कॉलेजकडं बघितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आम्ही सगळे बघत होतो. आज आपला नंबर नाही ना, एवढंच बघत होतो."

खरं बोलला तेवढा एक माणूस, त्यालाच कशाला टोचायचं? पण आतल्या आत म्या म्हणलं, एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांच्या विभागात एकानं जरी आपला कप तुमच्यापुढं सरकवला असता तर?

इथवर लिहून ठेवलं होतं. मधे काही दिवस गेले. ह्या दिवसांत सुरेखाचं आन माझं काय झालं ते सांगतो.

संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला, एक तारखेपासनं या, मंजुरीचं मागनं बघू. आन खाली एक गोष्ट, विभागप्रमुखांनीच सुरेखासाठी शब्द टाकलाय. म्हणजे पुन्हा उपकार त्याचाच. म्या सुरेखाला म्हणलं, "तू जायचं न्हाय. गावाकडं चल. रान हाय, घर हाय. माझ्या डोळ्यांदेखत तुला त्या माणसाच्या हाताखाली जाऊ द्यायचो न्हाय."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी त्यांच्या हाताखाली नाही आबा. हापीस वेगळं, विभाग वेगळा."

"एकाच छताखाली न्हवं? रोज तोंड दिसणार."

"दिसू द्या की."

"तुला लाज न्हाय वाटत? ज्यानं तुझ्या नवऱ्याला..."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आन माझ्याकडं वळली. पिठाचे हात तसेच. जावई, ही पोरगी माझ्यापुढं कधी एवढं बोलली न्हवती.

"आबा, मी घरी बसले तर कुणाचं बरं होईल? त्यांचंच. एक हार घातला, एक भाषण केलं, संपलं. मी गेले तर रोज सकाळी त्यांना मी दिसणार. जिन्यात दिसणार, मस्टरपाशी दिसणार. ते निवृत्त होईपर्यंत दिसणार. त्यांनी शब्द टाकला म्हणतात ना? टाकू दे. विसरायचं असेल तर त्यांनी जावं ते कॉलेज सोडून. मी का सोडू?"

म्या म्हणलं, "आन तुलाबी त्यांनी तसंच केलं तर?"

तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "तुम्ही जरा खाली जाऊन या आबा. जिन्यात अंधार आहे, जपून." मी खाली जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. धाराशिवात गोठा कुठला?

काल ती गेली. सोडायला मी गेलो. त्या फाटकातनं पुन्हा आत पाय टाकणार न्हाय असं म्या शोकसभेच्या दिवशी ठरवलं होतं, पण ती एकटी रिक्षात बसायला लागली तेव्हा मी चढलो. ती थोडी सरकली.

हापिसात तो आधीच उभा होता. दोन-चार क्लार्क, शिपाई, सगळे बघत होते. पुढं आला, हात जोडले, चेहरा पाडलेला. "या सुरेखाताई. संकोच करायचा नाही. कॉलेज म्हणजे आपलं एक कुटुंब आहे. हे घरच समजा."

सुरेखानं हात जोडले. मान खाली घातली न्हाय. म्हणाली, "घर नाही सर, हापीस आहे. माझी जागा कोणती ते सांगा, आणि काम काय ते सांगा."

त्याचे जोडलेले हात तसेच राहिले, खाली सोडावे का काय ते त्याला कळंना. मग हेडक्लार्कनं कोपऱ्यातल्या टेबलाकडं बोट केलं. ती गेली, बसली, पर्स खाली ठेवली. त्यानं माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "मामा, चहा?" म्या म्हणलं, "नको. तुमचे कप कमी पडतील." आन बाहेर आलो.

बाहेर आलो आन जावई, तुमचा एवढा राग आला. हे एवढं एक वाक्य तुम्हाला का आलं न्हाय? तुम्ही एवढे शिकलेले, पोरांना नद्या वाटून देणारे. घर न्हाय, हापीस हाय. एवढंच म्हणायचं होतं, पहिल्या दिवशी. म्हणला असता तर मीसुद्धा चिंचेखाली पंगत मांडली नसती, मांडली असती तरी तुम्ही तांब्या परत माझ्या हातात दिला असता आन मी दोन दिवस फुगून बसलो असतो. बसलो असतो तर बसलो असतो. आज तुम्ही असता.

मग फाटकापाशी थांबलो आन आठवलं, तुम्ही कामाला लागलात त्या दिवशीबी मी ह्याच फाटकापाशी पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही असेच ताठ आत गेला होता. सदऱ्याला इस्त्री, हातात खडूचा डबा, मागं वळून बघितलं न्हवतंत.

म्हणून मला सुरेखाचं कौतुक करवत न्हाय. लोक मला म्हणत्यात, लेक तुमच्यावर गेली. मी हूं म्हणतो. ती रोज सकाळी त्या फाटकातनं आत जाणार. संध्याकाळी तीच माघारी येती का, तेवढं मी बघत बसणार.